रिकामा डबा कुठं पडला

दादा,

मुलींना तुझं ते पत्र हवंय. उद्या संध्याकाळी प्रार्थनेनंतर त्यांनी तुझ्यासाठी सभा ठेवलीय, मला न विचारता. फळ्यावर खडूनं तुझं नाव लिहून ठेवलंय, आधी हवालदार आणि शेवटी मामा. सकाळी राजमणी येऊन विचारून गेली, "बाई, मामांचं दिव्याचं पत्र वाचाल ना?" मी म्हणाले, "बघू." माझ्या तोंडून 'बघू' ऐकून पोरगी घाबरलीच. या वसतिगृहात बघू म्हणायची पद्धत नाही. हो किंवा नाही, आणि लगेच पुढचं काम.

तेव्हापासून मी एका जागी बसलेली नाही. कोठीतले डाळीचे डबे दोनदा लावले. टाकीचं कुलूप तीनदा ओढून पाहिलं. पोस्टातही जाऊन आले. ते कशाला ते पुढं सांगते. शेवटी म्हटलं, ज्याच्यामुळं हे चाललंय त्याच्याशीच बोलून घ्यावं. आपल्या घरात मनात ठेवायची सवय कुणालाच नव्हती. आई ओरडून मोकळी व्हायची, मी बोलून. फक्त तू ठेवत होतास, आणि ते मला तू गेल्यावर कळलं. सतरा दिवस झाले.

पत्रापासून सुरू करते, कारण भांडण त्याचंच आहे.

तू पलटणीत भरती झालास तेव्हा आपल्याला धम्म घेऊन फार वर्षं झाली नव्हती. आई रोज सकाळी पंचशील म्हणायची, चूल पेटवायच्या आधी. तिला तुझी नोकरी हवी होती आणि तोफखाना नको होता. मुदखेड स्टेशनवर गाडी हलली तरी ती खिडकीला धरून विचारत होती, "पोरा, तोफेनं माणूस मरतो का रं?" तू म्हणालास, "आई, तोफ लई लांबून मारतेत. मला दिसत बी न्हाई." तिचं समाधान झालं नाही. कुणाचं होईल?

मग लढाई लागली आणि तुझं पत्र आलं. मी तेव्हा देगलूरला शाळेत नवी लागले होते. तू लिहिलं होतंस, आईला वाचून दाखव. आमच्या तोफेला सध्या दिव्याचे गोळे मारायचं काम दिलंय. गोळा वर जातो, वरच उघडतो, आतून दिवा निघतो, छत्रीला टांगलेला. तो सावकाश खाली येतो आणि खालचं सगळं दिवसासारखं दिसतं. आईला सांग, मी कुणाला मारत नाही, उजेड पाडतो.

आईनं ते पत्र माझ्याकडून चार वेळा वाचून घेतलं आणि बुद्धाच्या तसबिरीमागं ठेवलं. ती गेल्यावर मी काढून घेतलं. त्याआधीच माझं तोंडपाठ होतं, आणि मी ते मुलींना दरवर्षी वाचून दाखवायला लागले होते. आधी देगलूरला, मग इथं लातूरला. खरं सांगायचं तर वाचून दाखवता दाखवता मी त्याला आकार दिला. कुठं थांबायचं, कुठं आवाज खाली आणायचा, हे ठरून गेलं. 'उजेड पाडतो' या शब्दांवर मी पत्राची घडी घालायची आणि मुली टाळ्या वाजवायच्या. कित्येकींनी त्यावर निबंध लिहिले. एका वर्षी तू नेमका त्याच दिवशी आलास, मागच्या भिंतीला टेकून उभा राहिलास आणि मधूनच बाहेर गेलास. मला वाटलं बिडी ओढायला गेलास. बिडी तू आधीच सोडली होतीस, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.

लातूरचा जिल्हा झाला तेव्हा इथं सगळंच ओलं होतं. कचेऱ्यांच्या पाट्यांवरचा रंग वाळला नव्हता, खालून जुनं 'उस्मानाबाद' डोकवायचं. हे वसतिगृहही त्याच घाईत उभं राहिलं. चाळीस मुलींची जागा, राहतात बावन्न. वर पत्रे, मागं एक विहीर. तू मात्र शेवटपर्यंत माझ्या पत्त्यात जिल्हा उस्मानाबाद लिहीत राहिलास. पत्रं फिरून फिरून यायची, आठवडा उशिरा. मी चिडले की तुझं ठरलेलं उत्तर, "जिल्हा बदलला, तू बदललीस का? पोचलं ना? मग झालं."

आणि मग पाऊस हुकला. एक वर्ष, दुसरं वर्ष. यंदा होळीच्या आतच विहिरीचा तळ दिसायला लागला. सकाळी दोन घागरी, दुपारी एक, तीही वाटीनं भरलेली. संस्थेचे चिटणीस येऊन बघून गेले आणि म्हणाले, पंधरा दिवसांत पाण्याची सोय झाली नाही तर मुलींना घरी पाठवा, पाऊस पडला की बोलवा. घरी पाठवा म्हणजे काय ते त्यांना माहीत नव्हतं, मला माहीत होतं. बावन्नातल्या निम्म्या परत येणार नाहीत. राजमणीसाठी देगलूरकडचा कापसाच्या दुकानात बसणारा मुलगा बघूनच ठेवलेला आहे. विहीर खोल करणं एवढाच इलाज होता, आणि खाली काळा खडक. सुरुंगाशिवाय तो हलणार नव्हता.

म्हणून तुला निरोप धाडला. तोफखान्यातला आहेस, ये.

नांदेडहून येणाऱ्या एसटीतून तू उतरलास, हातात कापडी पिशवी, आणि पहिलं वाक्य हे, "शांते, तोफखान्यातला माणूस म्हंजे सुरुंगवाला न्हाई. डाक्टरला बोलावून दाढी करून घेणं झालं हे."

"मग परत जातोस?"

"आलो तर चहा दे आधी."

गावाकडं उमरीतही लोक तुला हेच करायचे. तोफेवर होते म्हणजे ह्यांना दारू कळती, असं म्हणून विहिरीवर घेऊन जायचे. तू दरवेळी नाही म्हणायचास आणि दरवेळी जायचास. खडकाचं खरं ज्ञान बाबू मिस्त्रीला होतं. त्याचा जन्म सुरुंग लावण्यात गेलाय. पहिल्या दिवशी तुम्ही दोघं एकमेकांकडं शिंगं रोखलेल्या बैलांसारखे बघत होता आणि दुसऱ्या दिवशी एका ताटात जेवत होता.

तू फक्त तुझी तोफेवरची रीत आणलीस. हुकूम देणाऱ्यानं हुकूम द्यायचा आणि ऐकणाऱ्यानं तो तसाच परत म्हणायचा, मोठ्यानं, मग हात लावायचा. "भोकं किती?" "आठ." "मोठ्यानं." "आठ!" बाबू आधी लाजत होता. पण दोन दिवसांत सगळ्या वसतिगृहाला ती खोड लागली. स्वयंपाकघरातून सुंदरबाई ओरडायची, "भाकरी दीडशे!" आणि परातीजवळच्या मुली ओरडायच्या, "दीडशे!" मी ते बंद पाडणार होते. नाही पाडलं, कारण त्या आठवड्यात एकदाही भाकरी कमी पडल्या नाहीत.

भोकं पाडायचं यंत्र ट्रॅक्टरवर यायचं होतं, ते दोन दिवस आलंच नाही. तू रिकामा बसलास आणि मुलींनी तुला घेरलं. व्हरांड्यातल्या फळ्यावर तू पाच गोळे काढलेस, शेजारी शेजारी. मी डाळ निवडत ऐकत होते, म्हणून मला शब्द न शब्द आठवतोय.

"हे बघा पोरींनो, बाहेरून सगळे भाऊ भाऊ. नाक तेच, पोट तेच. रंगावरून आन् पट्ट्यावरून वळखायचे. आत काय भरलंय त्याच्यावर सगळं. हा पयला. ह्याच्यात नुसती दारू ठासलेली. पडला की फुटतो, आन् पोलादाचे तुकडे चहूकडं. हा दुसरा, धुराचा. ह्याच्या पोटात डबे. हवेतच ह्याचं बूड निघतं, डबे खाली पडतेत आन् धूर धरतेत. आपली माणसं अडकली तर त्या धुराआडून माघारी आणायची. हा तिसरा, कागदाचा."

"कागदाचा?"

"हाव, कागदाचा. आत चिठ्ठ्या. दुश्मनाला कळवायचं, बाबांनो, हत्यारं टाका, जेवाया या."

मुली एकमेकींच्या अंगावर पडून हसल्या. "मामा, थापा नका मारू!"

"शप्पथ. मी मारला न्हाई, पाहिलाय. आम्ही त्याला पोष्टमन म्हणायचो. हा चौथा, शिकायचा. दिसाया अस्सल, आत काही न्हाई, कवाच उडत न्हाई. तुमचा चिटणीस." यावर मलाही हसू आलं, ते मी डाळीत लपवलं. "आन् हा पाचवा, ठोस. ह्याच्यात दारू न्हाई, धूर न्हाई, चिठ्ठी न्हाई. नुसतं पोलाद. रणगाड्यावर मारायचा. वजन आन् वेग, बस. ह्या तुमच्या बाई."

बावन्न मुली माझ्याकडं बघून हसल्या. जेवताना मी तुला धरलंच. "आत काही नाही म्हणजे काय रे?" तू भाकरी मोडत म्हणालास, "ठोसचं एक बरं असतं, शांते. त्याचं काही मागं राहत न्हाई. जे जातं ते सगळंच जातं." मला ते कळलं नाही. मला वाटलं, तू माझी समजूत काढतोयस. त्याचा राग मला आजही थोडा आहे.

पण त्याआधी व्हरांड्यात जे झालं ते. राजमणी म्हणाली, "मामा, दिव्याचा राहिला." तू थोडा वेळ हातातला खडू फिरवलास. मग म्हणालास, "हां, त्यो बी," आणि फळ्याच्या एका कोपऱ्यातून उंच रेघ काढलीस, वरच्या टोकाला छत्री, छत्रीखाली दिवा. "हितं उघडतो. दिवा असा सावकाश येतो खाली."

राजमणीला भूमिती आवडते, तुला माहीत आहे. ती उठून फळ्याजवळ गेली. "आणि मामा, डबा? बूड निघालं, दिवा निघाला, पण बाहेरचं पोलाद तर राहिलंच ना. ते कुठं जातं?"

तू तिच्याकडं बघितलंस. खडू टेकवलास आणि रेघ पुढं नेलीस, वळवून खाली, अगदी फळ्याच्या कडेपर्यंत. तिथं थांबलास. मग तळहातानं सगळा फळा पुसलास आणि म्हणालास, "भाकरी झाल्या का बघा." उठून गेलास. मी राजमणीला झापलं. जास्त शहाणपणा करू नकोस, मोठ्या माणसाला असं उलटं विचारतात का, वगैरे. तिनं मान खाली घातली.

बार उडवले तो दिवस. मुली आत, दारं बंद, बाबू वाती पेटवून पळत बाहेर आला आणि आपण दोघं कंपाउंडच्या भिंतीशी बसून मोजायला लागलो. एक, दोन, तीन जवळजवळ. मग चार. पाच आणि सहा. सात. आणि मग काहीच नाही. धूर, धूळ, पत्र्यावर पडणारी खडी, आणि तू कान देऊन बसलेला.

बाबू म्हणाला, "दोन एकदम उडाले असतील, मामा."

"असतील. न्हाई बी असतील. उद्या उतरू."

"उद्या?" मी म्हणाले. "दादा, पंधरातले नऊ दिवस गेलेत."

"उद्या."

"सगळीकडं तासा-दोन तासांनी उतरतात. विचार बाबूला."

"सगळीकडं उतरू दे."

तेव्हा मी ते बोलले. दारं उघडून मुली बाहेर आल्या होत्या, त्यांच्यासमोर. "तू तोफेवर होतास का गोदामावर? इतका भित्रा कधीपासून झालास?"

तू चिडला नाहीस. चिडला असतास तर बरं झालं असतं. "लई घाई करून राहिलीस, शांते," एवढंच म्हणालास आणि फाटकाबाहेर निघून गेलास. दीड-दोन तास पत्ता नाही. परत आलास तेव्हा गुडघ्यांना माती. मी विचारलं, "कुठं भटकत होतास?" "असंच. पाय मोकळे केले." सकाळी बघते तर विहिरीच्या काठाशी माझ्या ऑफिसातली खुर्ची, आणि तीत तू, डोक्याला मफलर गुंडाळून. कुणी चुकून उतरू नये म्हणून रात्रभर राखण. त्याच दिवशी बाजारातही गेलास, काही न सांगता.

आठवा भोकात तसाच होता. तू आणि बाबूनं तो कसा निकामी केला ते मी पाहिलं नाही, तू आम्हाला फाटकापलीकडं घालवलं होतंस. बाबू वर आला, कानाच्या पाळ्या धरल्या आणि तुझ्या पाया पडला. तू माझ्याकडं बघितलंस. मी काय म्हणाले आठवतं? "किती फूट झालं?"

एवढंच. बरं झालं थांबलास, चुकलं माझं, यांतलं एकही वाक्य नाही. किती फूट झालं. चार फूट झालं होतं, आणि पाणी लागलं होतं, बावन्न मुलींना दोन महिने पुरेल इतकं. मुली राहिल्या. चिटणीस येऊन विहिरीत वाकून बघून गेले. तू एसटीत बसलास. खिडकीतून म्हणालास, "शांते, त्या पत्राचं जरा बोलायचं होतं." कंडक्टरनं घंटी मारली. मी ओरडून म्हणाले, "लिहून पाठव!"

तू लिहिलंस का? मी पोस्टात त्यासाठीच जाते. तुझा काय भरवसा, जिल्हा उस्मानाबाद लिहिलं असशील आणि ते तिकडं फिरत असेल. पोस्टमास्तर आज म्हणाले, "बाई, असतं तर एव्हाना आलं असतं." मी म्हणाले, उद्या येते.

नांदेडच्या दवाखान्यात मी पोचले तेव्हा तुला श्वास पुरत नव्हता. तरी तू माझं मनगट धरून म्हणालास, "पत्रात मी आईला..." मी म्हणाले, "बोलू नको, दम लागतो. बरा झालास की बोलू." मी उशी नीट केली, सलाईनची बाटली बघितली, नर्सला दोन गोष्टी सुनावल्या. कामं मला दिसतात दादा, दवाखान्यातही दिसतात. माणूस काय सांगू बघतोय ते नाही दिसत.

तुझा जलदानविधी झाला त्या दिवशी पाहुणे गेल्यावर वहिनी परातीत गहू घेऊन बसली. ते निवडायची गरज नव्हती. मी तिच्यासमोर बसले. ती मान वर न करता म्हणाली, "ताई, एक सांगू का? ते पत्र आता वाचत नका जाऊ."

"का?"

"लढाई थांबल्यावर हे पुढं गेले होते. एक वस्ती लागली. आपल्याच बाजूची, रिकामी केलेली. एका घराचं छत फुटलेलं. आत बाज मोडलेली, आन् बाजंखाली तो डबा. दिव्याच्या गोळ्याचा. रिकामा."

वहिनीनं परातीत हात फिरवला.

"त्याच्यावरचा नंबर ह्यांनी स्वतः मोठ्यानं म्हणलेला होता, गोळा भरायच्या आधी. तशी रीत असती ना त्यांच्यात. पाठ होता त्यांना. झोपेत म्हणायचे."

"बाजेवर कुणी होतं?"

"तेच तर, ताई. कुणाला ठावं न्हाई. ह्यांनी साहेबाला विचारलं, पुढच्या पलटणीला विचारलं. सगळे म्हणले, गाव रिकामं होतं, चला. पण बाजंवर गोधडी हांथरलेली होती. रिकाम्या गावात गोधडी कोण हांथरून ठेवतंय, म्हणायचे हे." तिनं परात बाजूला सारली. "लग्नाच्या दुसऱ्या वर्षी मला सांगितलं. आईंना सांगू नको म्हणले. तुम्हाला सांगायचं म्हणायचे, दरसाली म्हणायचे. मग तुम्ही ते पत्र वाचायच्या, पोरी टाळ्या वाजवायच्या. हे यायचे तसेच माघारी."

दादा, मला रडू आलं नाही. राग आला. उमरीहून नांदेड आणि नांदेडहून लातूर, सगळ्या वाटेत मी तुझ्याशी भांडत होते. शेजारची बाई घाबरून दुसऱ्या सीटवर जाऊन बसली, म्हणजे ओठ हलत असावेत माझे. इतकी वर्षं तू मला खोटं वाचू दिलंस. मग माझंच मला उत्तर, खोटं कुठं आहे त्यात? लिहिलंस तेव्हा तुला डबा दिसलाच नव्हता. एकही शब्द खोटा नाही. उजेड पडलाच होता, आणि त्या उजेडात आपली माणसं जिवंत परत आली असतील. मग, तुझी चूक काय? तुला वेळ सांगितली गेली, दिशा सांगितली गेली, तू ती मोठ्यानं परत म्हणालास. चूक कुणाची म्हणायची? हे सगळं मी शिक्षिकेसारखं, मुद्दे पाडून तुला पटवत होते. अहमदपूरच्या स्टँडवर गाडी थांबली तेव्हा मला कळलं की तू माझ्याशी वाद घालतच नाहीयेस. चूक कुणाची हे तू विचारलंच नव्हतंस. तू विचारत होतास, बाजेवर कुणी होतं का.

आणि मी तुला भित्रा म्हणाले. आठ लावले आणि सात ऐकू आले, तर आठव्याचं काय झालं हे कळेपर्यंत न हलणाऱ्या माणसाला.

आता आजचं सांगते.

दोन महिन्यांचं पाणी संपत आलं, म्हणून आज बाबू परत आला. सभा उद्या, पण पाणी सभेसाठी थांबत नाही. तुझी रीत पाळली. "भोकं किती?" मीच विचारलं. "आठ!" बाबूनं न सांगता मोठ्यानं सांगितलं, आणि मग नाक शिंकरलं. या वेळी मुली आतून मोजत होत्या, बंद दारामागून बावन्न आवाज. सहा. सात. आठ. आठाला त्या ओरडल्या. बाबू हसत उठला. "बाई, आठही उडाले. धूर निघाला की उतरतो."

"उतर," मी म्हणाले. काम संपलं होतं. पण माझे पाय विहिरीकडं गेले नाहीत, फाटकाकडं गेले. बाबू मागून म्हणाला, "बाई, कुठं?" मी म्हणाले, "दगड कुठं पडले ते बघून येते."

इतक्या वर्षांत मी त्या मागच्या गल्लीत गेलेली नाही. आपल्या भिंतीला लागून पाच-सहा घरं आहेत पत्र्याची. मुलींनी तिकडं जायचं नाही असा नियम मीच केलाय. एका दारात एक म्हातारी शेंगा फोडत बसली होती. गळ्यात लिंग, कपाळाला भस्म, बोलण्यात थोडं कानडी वळण. नाव निलव्वा सांगितलं. मी विचारलं, "आत्ता बार उडाले, इकडं दगड आला का?"

"आज न्हाई आला," ती म्हणाली. "मागल्या बाराला आल्ता." आणि तिनं बोटानं दाखवलं. दाराशेजारी, पत्र्याच्या सावलीत, रांजण होता. "तिथं जुना रांजण व्हता. फुटला. भरलेला व्हता, बाई. टँकरच्या दोन खेपा."

या दिवसांत भरलेला रांजण. "मला सांगितलं का नाहीत?"

"कुणाला सांगू? फाटकावर तुमची भाकरीवाली बाई उभीच असती, आत यायचं न्हाई म्हणती." तिनं एक शेंग फोडली. "आन् सांगायची पाळीच आली न्हाई. तुमचे भाऊच आले की. मिलट्रीवाले. दारात उभं राहून इचारलं, माय, दगड कुठं पडला? मी म्हटलं, बसा आधी. बसंनात. कुणी होतं का तिथं, म्हणले. न्हाई बाबा म्हटलं. पुन्यांदा तेच. नक्की कुणी नव्हतं? म्हटलं, नात शाळंत, मी पल्याड. तिसऱ्यांदा इचारलं बघा. तवा मी म्हटलं, देवाशप्पथ कुणी नव्हतं. मग मटकन खालीच बसले, हितं, ह्या मातीत. पाणी द्या म्हणले. मी म्हटलं, पाणी कुठलं, रांजण तर फुटला! मग हसाया लागले. लई हसले. डोळ्यांतून पाणी येईस्तोर."

"आणि हा रांजण?"

"दुसऱ्या दिवशी खांद्यावर घेऊन आले बाजारातून. म्हटलं, तुमच्या बाईला सांगते, चांगला भाऊ हाय म्हणून. नगं म्हणले. तिला लई कामं हाईत."

 निलव्वानं पुढ्यात शेंगा ठेवल्या, त्या मी खाल्ल्या. तिला सांगितलं, फाटक उघडं राहील, घागर घेऊन या. बाबूचा आवाज भिंतीपलीकडून आला, "बाई! ओल लागली!" मी जायच्या आधी रांजणाला हात लावून पाहिला. गार होता.

पोस्टात उद्या सकाळी परत जाईन. सवय म्हणून. पण सभेचं माझं ठरलंय. पत्र वाचणार आहे, सगळं, नेहमीसारखं, आणि 'उजेड पाडतो' वर घडी घालणार आहे. मुली टाळ्या वाजवतील, वाजवू दे. त्या थांबल्या की राजमणीला उभं करणार आहे. त्या दिवशी मी तिला झापलं ते माझं चुकलं, हे आधी तिला सगळ्यांसमोर सांगणार आहे. मग म्हणणार आहे, तू मामांना जे विचारलं होतंस ते आता परत विचार.

मोठ्यानं.